पट्ट्या जातात कुठे?

नको तिथे नाक खुपसायची तिची सवय लहानपणापासूनची. आई त्यावरून बोलून बोलून थकली. आता त्याच सवयीचा तिला पगार मिळत होता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाली, तेव्हा अपघातांची वही कोरी करकरीत होती.

"दोन वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही," मॅनेजर म्हणाले.

मग प्रथमोपचार पेटीतल्या पट्ट्या दर आठवड्याला संपत कशा होत्या?

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच पेटीजवळ जाऊन उभी राहिली. पुठ्ठा कापणाऱ्या चौघी आल्या, पट्ट्या काढल्या आणि अंगठ्याला, तर्जनीला गुंडाळू लागल्या. बोटं मात्र चांगली धडधाकट.

"मावशी, लागलेलं तर काही दिसत नाही," तिने त्यांच्यातल्या थोरलीला विचारलं.

"लागू नये म्हणूनच. पुठ्ठ्याची कड फार कापते."

"हातमोजे दिलेत ना?"

मावशींनी खणातून मोजा काढून तिच्याच हातात चढवला. बोटांपुढे पेरभर रिकामा मोजा लोंबत होता. "हे टोक पात्याखाली जातं. मागच्या महिन्यात गेलंच. नशीब, नुसता मोजा कापला."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. आणि वहीत लिहायला अपघात झाला कुठे?"

हातातला तो मोजा मागून घेऊन तिने थेट मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो घालून पाहिला आणि ते जरा ओशाळले. "माझ्या हाताला अगदी बरोबर बसतोय की."

पंधरा दिवसांत तीन मापांचे मोजे आले. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. दर मंगळवारी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी जमायचं आणि काय घडलं यापेक्षा काय घडता घडता राहिलं, ते सांगायचं. पहिल्या मंगळवारी सगळे मूग गिळून बसले. दुसऱ्या मंगळवारी मावशींनी मोज्याची हकिगत सांगितली, तशी बाकीच्यांनाही कंठ फुटला. निसरडी पायरी, अडगळीने अडलेलं दार, एकेक बाहेर येऊ लागलं. कुठलं काम कुणी, कधीपर्यंत करायचं हे ती तिथल्या तिथे लिहून घेई. राहिलेल्या कामाचं कारण मॅनेजरांना सगळ्यांसमोर सांगावं लागे. ते कुरकुरत, पण येत.

एका मंगळवारी बैठक मोडल्यावर मावशी मागे रेंगाळल्या.

"ताई, ते पिना मारायचं मशीन सुरू करताना वेगळंच कण्हतं. नेहमी नाही, अधूनमधून."

"आजही कण्हलं?"

"चला, ऐकवते."

ती वही काखेत मारून त्यांच्या मागोमाग निघाली.