मालकांच्या नावात शिरलेलं फळ

"पुसून टाक ते! नातीच्या लग्नात साऱ्या वऱ्हाडासमोर मी रामफळ म्हणून फिरू काय?"

"हळू बोला. पिकलेलं फळ हाय, फुटंल!"

हे भांडण माझ्यावरून चाललंय. मी झुंबरबाईच्या उजव्या हातावरचं गोंदण बोलतेय. ओरडून राह्यलेत ते तिचे मालक, रामप्रसाद. माझी अक्षरं चारच: रामफळ. त्यांच्या नावाशी निम्मीच जुळतात, हे मला मान्य आहे. पण दोष माझा न्हाई.

झुंबरबाई नवी नवरी होती. राजूरला गणपतीच्या दर्शनाला आल्ती. देवळाबाहेर गोंदणारीण सुया घेऊन बसलेली. "मालकाचं नाव सांग," म्हणाली. आता नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, अशी तेव्हाची समजूत. मग हिनं कोडं घातलं: "आधी सीतेचा नवरा. मंग देवळातून निघताना हातावर पडतं, ते." प्रसाद! सोपं होतं. पण पुजाऱ्यानं दिलेलं केळं हिच्या हातातच होतं. गोंदणारणीनं त्या फळाकडं पाहिलं, म्हणाली, "कळलं, कळलं," आणि लागली टोचायला.

काजळी कातडीखाली गेली, रक्त आलं, हात ओंडक्यासारखा सुजला. वर हळद थापली. सासू खूश, "मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं." त्याच सुईनं अख्खी जत्रा टोचलेली! कुणाचं रक्त कुणात गेलं, देव जाणे. आमची बाई वाचली ते नशीब. आज कुणी गोंदून घेणार असाल तर आधी सुई नवी मागा. लाजू नका.

त्या रात्री रामप्रसादांनी मला वाचलं आणि ताटावरून उठले. बाईला वाचता येत नव्हतं. नवरा कशापायी रुसला हे कळावं म्हणून ती चुलीपुढं राखेत एकेक अक्षर गिरवून शिकली. अख्ख्या जन्मात तिनं पहिला शब्द वाचला तो मी! वाचून अशी हसली की भाकर करपली.

तोवर गावानं मालकांचं बारसं उरकलं होतं. पोरं ट्रॅक्टरवरून हाका मारायची, "ओ रामफळकाका!" माणसं भांड्यावर नाव घालतात, गाडीवर घालतात, दुसऱ्याच्या कातडीवरही घालतात, आणि चुकलं की कातडीवरच चिडतात.

आज सकाळी दोघं जालन्याला कातडीच्या डॉक्टरांकडं गेल्ती. डॉक्टर म्हणाले, "आजींना साखर आहे. लेझरच्या मशीननं फोड येतील, जखम लवकर भरणार नाही. शाई खोल आहे, पूर्ण जाईलच असं नाही."

"निदान फळ तरी काढा!" मालक हात जोडून म्हणाले.

घरी आल्यावर पुन्हा तेच. नात मोनाली म्हणाली, "आजोबा, ऱ्हाऊ द्या ना. माझ्या सासरचे आजीचा हात वाचत बसणार का?"

"तू मधी बोलू नको! माझ्या इज्जतीसाठी हिला एवढं सोसवंना?"

पिकल्या कातडीवर मशीन चाललं तर मी जाईन, पण बाईलाही संगं नेईन. माझं एवढंच मागणं होतं, तिला विचारा.

कुणी विचारलं न्हाई. तीच उठली, मालकांची बाही कोपरापर्यंत सारली आणि त्या गोऱ्यापान, कोऱ्या हातावर बोट ठेवून म्हणाली,

"आधी राजूरला जाऊन हितं 'झुंबर' टोचून या, मंग माझ्या फळाकडं बघू!"