थांबलेला खलबत्ता

“रीतीभाती सोडून फक्त कुराणच मानायचं तर मान, पण चारचौघांत तुझ्या वडिलांना आडवं बोलू नकोस,” सासूबाईंनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

माझ्या बाळाच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्यात रीतीप्रमाणे त्याला चाळणीत निजवलं होतं. बाबा त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता कुटत म्हणत होते, “आईचं ऐक रे, बापाचं नको.” बायका हसत होत्या.

मी सगळ्यांदेखत विचारलं, “बाबा, हे कुराणात कुठंय?”

“नाहीये, पोरी. कुराण तुला मीच शिकवलं ना?” त्यांनी बत्ता खाली ठेवला.

माझं मत आजही तेच आहे. पण त्या दिवसानंतर, बाळ चालायला लागलं, तरी बाबा आमच्याकडे आले नाहीत. मी गेले, तर दार उघडलं नाही. ते एकटेच असतात. त्यांच्या गावी, झिफ्त्याला, गेलात, तर कालव्याकाठचे शेख बयूमी, माझे बाबा, बरे आहेत का, तेवढं बघाल?