आरशासारखी फरशी

फरशी घासणाऱ्याच्या घरातली फरशी कशी असावी, याबद्दल पॉलिशवाल्याची मतं फार पक्की होती. शिंप्याचा सदरा उसवलेला चालेल, न्हाव्याची दाढी वाढलेली चालेल, पण आपल्या दिवाणखान्यात शिरलेल्या माणसानं आधी खाली बघून स्वतःचे केस नीट करायला हवेत, असं तो म्हणायचा. नवं गिऱ्हाईक आलं की तो नमुन्याचे तुकडे दाखवत बसायचा नाही. सरळ घरी आणायचा, दिवा लावायचा आणि विचारायचा, "दिवा वर आहे की खाली, सांगा बघू." गिऱ्हाईक हसायचं आणि काम मिळायचं.

अशा घरात मॅस्टिफ जातीचं पिल्लू आलं. मागच्या शेडमधल्या यंत्रांच्या मोटारी दोनदा चोरीला गेल्या होत्या, म्हणून राखणीला दांडगा कुत्रा हवा, हे पॉलिशवाल्याचं कारण. त्याच्या मुलीला, चिमीला, कारणबिरण काही लागत नव्हतं. पिल्लू म्हणायचं आपलं बोलायला. पंजे बशीएवढे होते. त्याचं नाव पहिलवान ठेवलं. पातेलंभर खाणं एका दमात संपवून त्यानं पातेलंच उचलून नेलं, तेव्हा बायको म्हणाली, "याला पोसण्यापेक्षा चोर परवडला असता हो!" पण त्याची लाळ पुसायला कमरेला फडकं खोचून फिरायला लागली तीच.

पहिली लस टोचायला पॉलिशवाला एकटाच घेऊन गेला होता. चिमी शाळेत होती, बायको कामावर. डॉक्टरीणबाईंनी पिल्लाचे मागचे पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "घरात फरशी कसली आहे?"

"आरशासारखी," तो अभिमानानं म्हणाला.

"मग तीच झाका. ही जात भराभर वाढते. वजन पुढे पळतं, हाडं मागे राहतात. वाढीच्या वयात सारखा घसरत राहिला तर खुबे कायमचे जातात. जाजमं घाला, जुनी सतरंजी घाला, काहीही घाला. पण घसरता कामा नये."

त्यानं मान डोलावली. घरी येऊन खरोखरच एक जुनी सतरंजी अंथरली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. सतरंजीखाली आरसा कोण बघणार? त्यानं ती घडी करून कपाटावर टाकली. संध्याकाळी परत घालू म्हणाला आणि राहून गेलं. मग रोजच राहून गेलं. जाणूनबुजून राहतं, त्यालाही आपण राहून गेलं असंच म्हणतो.

पहिलवान घसरायचा तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. बेल वाजली की तो दाराकडे धावायचा आणि दारापाशी थांबायचं ठरवून भिंतीपाशी थांबायचा. चारही पाय चार दिशांना जायचे. चिमी टाळ्या पिटायची. चेंडू मात्र पॉलिशवाला टाकायचा, मुद्दाम लांब आणि मुद्दाम कोपऱ्यात, आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचाही तोच. मधूनच त्याला डॉक्टरीणबाई आठवायच्या. तो मनात म्हणायचा, एवढं काही होत नाही, डॉक्टर घाबरवायलाच बसलेले असतात.

पहिलवान वाढून चिमीच्या छातीला लागला. वजनात तर तिच्या बापालाही मागे टाकलं. आणि मग एका सकाळी तो उठायला गेला आणि पुढचाच भाग उठला.

मोठ्या दवाखान्यात त्याच्या हाडांचे फोटो काढले. इथला डॉक्टर वेगळा होता, तरुण आणि घाईतला. फोटो उजेडाला धरून तो म्हणाला, "मूळ दोष जन्माचाच असतो या जातीत. पण इतका वाढलाय म्हणजे लहानपणी ताण पडलाय. उड्या, जिने, असं काही?"

पॉलिशवाल्यानं घसा खाकरला. तेवढ्यात शेजारी उभी असलेली चिमी म्हणाली, "जिने. आम्ही शर्यत लावायचो. मी त्याला गच्चीपर्यंत पळवायचे."

"मग बरोबर आहे," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाला. "वाढत्या वयात जिने वाईटच. आणखी काही?"

"नाही," पॉलिशवाला म्हणाला.

चिमीनं बापाकडे पाहिलं. तो फोटोकडे बघत राहिला. एका शब्दाचं तर काम होतं. पण तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

त्यानंतर घरात जाजमं आली. "डॉक्टरनं सांगितलंय," एवढंच त्यानं बायकोला सांगितलं. कोणत्या डॉक्टरनं आणि कधी, ते नाही. बायकोनं जुनी जाड चादर फाडून लांब पट्टा शिवला. तो पहिलवानाच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि त्याला अंगणात न्यायचं. पॉलिशवाल्याची कंबर मोडायला आली, पण हे काम तो कुणाला करू द्यायचा नाही. "किती जीव लावलाय हो तुम्ही," बायको म्हणायची, आणि ते ऐकून तो ताट अर्धं टाकून उठायचा. खाई त्याला खवखवे.

चिमीचं मात्र भलतंच झालं. ती पहिलवानाच्या जवळ जाईना. पाणी ठेवायची, पण भांडं पायानं पुढे सरकवून. आपण हात लावला की त्याचं आणखी काही बिघडेल, असं तिनं डोक्यात घेतलं होतं. मॅस्टिफला हे कळायचा मार्ग नव्हता. राखण करायची तर ती आपल्या माणसाची, एवढं त्याला माहीत. तो सरपटत जाऊन तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी पडून राहायचा आणि ती त्याला ओलांडून जायची. पॉलिशवाला हे रोज बघायचा. आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, असं म्हणत दिवस ढकलायचा. तिला कळलं तर आपली काय किंमत राहील, ही खरी भीती होती. ती तो स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगत नव्हता.

अशात एका हॉटेलची मालकीण फरशी बघायला आली. काम मोठं होतं. पॉलिशवाल्यानं सकाळीच जाजमं गुंडाळली. बायको म्हणाली, "अहो, पहिलवान?" तो म्हणाला, "झोपलाय. पाच मिनिटांचं तर काम आहे."

बेल वाजली. मालकीणबाई आत आल्या, दिवा लागला, "अगंबाई, काय चमक आहे!" असं झालं. पाणी घेऊन चिमी आली, आणि अनोळखी बाई आपल्या मुलीकडे चालत जाताना पाहून पहिलवान उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचं कामच ते होतं. तो दोघींच्या मधे यायला निघाला आणि दिवाणखान्याच्या मधोमध त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले. मोठा आवाज झाला. तो ओरडला नाही. नुसता पुढच्या पायांवर स्वतःला ओढत राहिला आणि पंजे त्या आरशावर निसटत राहिले.

"अरे देवा, काय झालं याला?" मालकीणबाई मागे सरल्या.

चिमी ग्लास धरून उभी होती. "सॉरी हं," ती त्यांना म्हणाली. "माझ्यामुळे झालंय. तो लहान असताना मी त्याला जिन्यावरून पळवायचे. तो चावत नाही."

पॉलिशवाल्यानं गुडघे टेकून पहिलवानाच्या पोटाखाली हात घातले. आता बोल, त्याचं मन म्हणालं. बोल, गाढवा! समोर गिऱ्हाईक होतं. तो बोलला नाही. त्याला काम मिळालं.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि लागू नयेच.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याचा आधार देऊन त्यानं पहिलवानाला ओसरीत नेऊन निजवलं, शेडमधलं घासायचं मशीन घरात आणलं आणि त्याला सगळ्यात भरड, जाड दाण्याचा दगड लावला, नव्या खडबडीत फरशीला पहिल्या हाताला लावतात तो. पाणी ओतलं आणि मशीन सुरू केलं. इतक्या वर्षांची चमक राखाडी चिखल होऊन वाहायला लागली. बायको धावत आली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून परत गेली.

चिमी शाळेतून आली तेव्हा अर्धी खोली मेलेल्या दगडासारखी दिसत होती. ती दप्तरासकट दारात थांबली. त्यानं मशीन बंद केलं.

"बाबा, हे काय करतोयस?"

"खरखरीत करतोय. त्याला घसरायला होऊ नये म्हणून."

"आता काय उपयोग? त्याचे पाय तर माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही." ते इतकं पटकन बाहेर आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "फरशीनं गेले. पहिल्या लशीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, घसरू देऊ नका, पाय जातील. मी सतरंजी काढून ठेवली. गिऱ्हाईक येतात म्हणून. आणि चेंडू टाकत बसलो."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"दवाखान्यातपण? मी बोलले तेव्हापण?"

"हो."

"आणि काल?"

त्यानं मान खाली घातली.

ती रडेल, ओरडेल, दप्तर फेकेल, असं काहीतरी व्हावं अशी त्याची इच्छा होती. निदान ते झेलता आलं असतं. चिमीनं चपला काढल्या आणि चिखलातून, त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता ती ओसरीत गेली. पहिलवानानं मान वर केली. ती त्याच्याजवळ खाली बसली, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, आणि दोन्ही हात त्याच्या त्या थोरल्या मानेत घालून तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मी नव्हते रे," ती म्हणाली. "पहिलवान, मी नव्हते."

ती ते पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मशीन बंद होतं, त्यामुळे पॉलिशवाल्याला ते सगळं नीट ऐकू येत होतं.