सोलापूरचे हत्ती

इंद्रजीत सरांना ट्रेंडचं वेड लागलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयाचे ते प्रमुख, मूळचे माळशिरसचे. माणूस मनाने वाईट नव्हता, पण शनिवारी एखादं वेबिनार ऐकायचा आणि सोमवारी ग्रंथालय बदलायला निघायचा. छतातून पाणी गळत होतं त्या वर्षी सर क्लाउडबद्दल बोलत होते. मग ब्लॉकचेन आलं, ते काय होतं हे कुणाला कळायच्या आत गेलं. यंदा ए.आय.

"चंद्रिका मॅडम, जगात डिजिटल लायब्ररीवर काय संशोधन चाललंय बघा जरा! माणसानं कॅटलॉग करायचे दिवस गेले. मशीनच ऐकतं, मशीनच लिहितं, विषयसुद्धा मशीनच लावतं."

मशीन ऐकतं हे खरं होतं. काय ऐकतं, ते मात्र विचारायचं नव्हतं.

चंद्रिका तिथली सहायक ग्रंथपाल. कॉलेजच्या प्राध्यापकांनी कधीकाळी अक्कलकोटकडच्या गावांत फिरून बायकांची गाणी कॅसेटवर घेतली होती. ग्रंथालयातला हा एकच ठेवा असा, की जो दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. त्या सगळ्या कॅसेट सरांनी संगणकावर चढवल्या आणि कॅसेट, त्यांच्यावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट, भंगारात दिल्या. "आता सगळं सर्चमध्ये आहे की!" चंद्रिका तेव्हा रजेवर होती. तिच्या आईच्या, बसव्वाच्या, घशाचं ऑपरेशन होतं.

आणि त्याच कॅसेटींपैकी एकीवर बसव्वाचं गाणं होतं. तरुणपणी शेतात कापूस वेचताना म्हणायची ते. ऑपरेशननंतर बसव्वाचा आवाज बसला तो बसलाच, उरली फक्त कुजबुज. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने लेकीजवळ एकच गोष्ट मागितली होती. ते गाणं एकदा ऐकव. बाईच्या आवाजाची जगात तेवढी एकच खूण उरली होती, आणि ती राखायला लेक बसवलेली होती. मग अवघड काय होतं?

अवघड हे होतं की ते सापडत नव्हतं. 'कापूस' टाकलं. शून्य निकाल. 'वेचणी' टाकलं, 'सरकी' टाकलं, 'शेती' टाकलं. 'बसव्वा' टाकलं. शून्य निकाल, कृपया शब्द बदलून पाहा. आता आईचं नाव बदलून काय पाहायचं, कपाळ? चंद्रिका जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून एकेक फाइल ऐकायला बसे. फायली लांबलचक, नावं नाहीत, नुसते आकडे. दुसऱ्यांच्या आज्या-मावश्या ऐकून झाल्या, कोंबड्या ऐकून झाल्या, मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांचा खोकला तर तिला तोंडपाठ झाला. आई मात्र सापडेना.

"सर, प्रत्येक गाण्यापुढं एक रकाना ठेवू या की. त्या गावात त्या गोष्टीला काय म्हणतात, तेवढं लिहायला. मी लिहिते बसून."

"मॅडम, स्टँडर्डमध्ये बसत नाही ते."

"मग शोधायचं कसं?"

"सर्च आहे की."

"सर्चला सापडंना झालंय की, सर!"

"म्हणजे तुमची क्वेरी चुकतीय."

ज्याला नाचता येत नाही त्याने अंगणाला नावं ठेवावीत हे ठीक, पण इथे अंगणच उठून नाचणाऱ्याला नावं ठेवत होतं. चंद्रिका गिळून गप्प बसे. घरी गेलं की आई मान वर करून फक्त बघे. पुन्हा विचारत नसे, आणि त्याचाच चंद्रिकाला जास्त जाच होई.

त्या दिवशी सकाळी बसव्वा दारात बसून देवाच्या वाती वळत होती. चंद्रिका चपला घालत असताना तिने हात हलवून लेकीला जवळ बोलावलं आणि कुजबुजली, "बरुवाग हत्ती तगोंडु बा." घरात बोलणं कानडीतच. येताना कापूस घेऊन ये. कानडीत कापसाला हत्तीच म्हणतात, त्यात विशेष ते काय. "हूं, नव्या पेठेतून आणते," म्हणत चंद्रिका निघाली.

ग्रंथालयात सर पेढे वाटत होते. पुण्याच्या परिषदेसाठी त्यांचा पेपर निवडला गेला होता, शुक्रवारी वाचायचा होता.

"झालं बघा मॅडम! हत्ती गेला, शेपूट राहिलंय. चार्टचे रंग तेवढे नीट करून द्या."

चंद्रिकाने चार्ट उघडला. कॅसेटींतल्या गाण्यांचे विषय, मशीनने लावलेले. थोडं लग्न, थोडं माहेर, थोडा पाऊस. आणि निम्म्याहून मोठा हिरवागार तुकडा: वन्यजीव, हत्ती.

"सर, हे काय? सोलापुरात हत्ती?"

"तेच तर!" सरांचे डोळे चमकले. "सोलापुरी स्त्रीगीतांतील हत्ती. आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. डेटा बोलतोय मॅडम, डेटा!"

"अहो, आपल्याकडं माळढोक दिसायची मारामार. आणि बाया शेतात बसून हत्ती गात होत्या?"

ती हसायलाच लागली होती. पण हसू अर्ध्यावर थांबलं. तिने हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. सर्चमागची, मशीनने लिहिलेली गाण्यांची यादी पहिल्यांदाच उघडली. ती एकेक ओळ खाली सरकत गेली आणि एका ओळीवर अडकली.

शीर्षक: हत्ती बिडी सोनं बारा. विषय: वन्यजीव, विडी उद्योग, दागिने. गायिका: बस हवा.

तिने ते एकदा मराठीत वाचलं. मग ओठांतल्या ओठांत पुन्हा वाचलं, आणि जीभ आपोआप घरच्या वळणावर गेली. हत्ती बिडसोण बारे. ये गं, कापूस वेचू या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने फाइल लावली. खोलीत आवाज भरला, दणदणीत, रानात या टोकाची हाक त्या टोकाला जावी असा. चंद्रिकाला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

"क्वालिटी भारी आहे ना?" सर म्हणाले.

"सर, हा हत्ती नाही. कानडीत हत्ती म्हणजे कापूस. मशीननं कानडी गाणं मराठी समजून ऐकलंय."

सरांनी हातातला पेढा खाली ठेवला. "सगळेच हत्ती?"

"सगळे."

सरांनी हिरव्या तुकड्यावरून एकदा माउस फिरवला. मग हळूच म्हणाले, "शुक्रवारपर्यंत राहू द्या ना, मॅडम. पेपर वाचून झाला की बदलू. तोवर ते हत्ती कुणाला काय खातायत?"

इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"सर, तुमच्या चार्टातला हा हत्ती माझी आई आहे!"

वाचनकक्षातल्या पोरांनी माना वर केल्या. सर स्क्रीनजवळ वाकले. 'बस हवा' त्यांनी दोनदा वाचलं. ऑपरेशननंतर ते शहाळं घेऊन दवाखान्यात आले होते, बसव्वाने कुजबुजत त्यांना बस म्हटलं होतं.

"बसव्वा," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "बदला. आत्ताच बदला. पेपरचं मी बघतो."

चंद्रिकाला वाटलं, चला, माणूस झाला. तेवढ्यात सर पुन्हा म्हणाले, "आणि तुमचा तो लोकांच्या शब्दांचा रकाना. तोही घाला. शनिवारी त्यावर वेबिनार आहे, सध्या लई ट्रेंड आहे म्हणे त्याचा."

तिने कपाळावर हात मारला.

संध्याकाळी नव्या पेठेच्या गर्दीतून कापसाची गुंडाळी काखेत मारून ती घरी आली. गुंडाळी आईच्या पुढ्यात ठेवली, बाजूला मोबाइल ठेवला आणि गाणं लावलं. काही सांगितलं नाही.

बसव्वा वाती वळता वळता ऐकत होती. मान डोलत होती, ओठ शब्दांबरोबर हलत होते. थोड्या वेळाने तिने चंद्रिकाकडे पाहिलं.

"यार इकी?" ती कुजबुजली. "छलो हाडताळ."

कोण गं ही? छान गाते.

आपला आवाज असा बाहेरून तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. गाणं संपलं. प्राध्यापक खोकले आणि त्यांनी विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?" त्या बाईला नाव सांगायचीसुद्धा गंमत वाटली असावी. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "बसव्वा."

वात वळणारा हात थांबला. म्हातारीने मोबाइल उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि गळ्यावरच्या व्रणाशी धरला. मग ओठ हलवून तिने आपलं नाव म्हणून बघितलं. बस, आणि पुढे नुसती हवा.

चंद्रिकाने पुन्हा लावलं.