दादाच्या पोटातले पहारेकरी

ठोकलेल्या गाड्या सरळ करून रंगवण्यात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची धाकटी बहीण संशोधन केंद्रात उंदरांवर काम करायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. पोटातले काही चांगले जंतू आधीपासून खाऊ घातले, तर एका नेहमीच्या औषधाच्या भलत्या डोसानं होणारी लिव्हरची नासाडी कमी होते का, एवढाच तिचा प्रश्न होता. उत्तर आलं होतं: थोडी होते. उंदरांत. तेही पिंजऱ्यात राहणाऱ्या आणि मोजून खाणाऱ्या.

हे सगळं तिनं जेवताना घरी नीट सांगितलं होतं. दादानं त्यातले "चांगले जंतू" आणि "लिव्हर" एवढेच शब्द उचलले आणि बाकीचं ताटाखाली सारलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मेडिकलमधून जंतूंच्या पुड्या आणल्या. वहिनीनं पातेलंभर दही लावायला घेतलं. गॅरेजात येईल त्या गिऱ्हाइकाला दादा ऐकवायला लागला, "आमच्या धाकटीनं शोध लावलाय, लिव्हरला आता आतून पहारा बसवता येतो." अनोळखी माणसांचे धाकटीला फोन यायला लागले. एकानं तर विचारलं, दारू आधी की पुडी आधी? तिनं कपाळाला हात लावला. दादाला तिनं पुन्हा समजावलं, चित्र काढून समजावलं, चिडून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! तो प्रेमानं मान डोलवायचा आणि वहिनीला सांगायचा, मोठी माणसं आपल्या कामाबद्दल अशीच कमी बोलतात.

आणि एके दिवशी दादाला जेवण जाईना झालं. मळमळ सुरू झाली, अंगातलं त्राण गेलं. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा वहिनीनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं आणि धाकटीला बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? दादा शांतपणे म्हणाला, "औषध कसलंच नाही. फक्त हिचे जंतू."

डॉक्टरांनी चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. बहिणीनं प्रयोगातलं काहीतरी सख्ख्या भावाला पाजलं, असंच त्या नजरेत होतं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुड्या दुकानातल्या होत्या, आपल्या नव्हत्या, हे तिला स्वतःच्याच भावासमोर आरोपीसारखं सांगावं लागलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, लिव्हर कशानं तरी चांगलीच होरपळली आहे. कशानं ते लवकर कळलं, तर बरं.

दादाचा सगळा दिवस गॅरेजात जायचा, म्हणून धाकटी तडक तिथे गेली. दादाच्या बाकाखाली रंगाचा एक रिकामा डबा होता. त्यात पॉलिशची फडकी असतील म्हणून तिनं हात घातला, तर ओंजळभर गोळ्यांची रिकामी पाकिटं वर आली. काही पाठदुखीवरची, काही डोकेदुखीवरची, काही सर्दीवरची. तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे. मागची बारीक अक्षरं वाचली, तर तिन्हींत औषध एकच. तिच्या उंदरांची लिव्हर ज्यानं बिघडवली जायची, तेच.

तिनं पाकिटं दवाखान्यात नेऊन डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी लगेच त्यावरचं उताऱ्याचं औषध सलाइनमधून सुरू केलं. मग धाकटी दादाच्या उशाशी गेली.

"हे औषध नाही?"

"दुखण्यावरच्या गोळ्या आहेत," दादा म्हणाला. "औषध आजारावर घेतात."

"किती घेत होतास?"

"दुखेल तेवढ्या. पूर्वी भीती वाटायची. मग तुझे जंतू घ्यायला लागलो, तेव्हा म्हटलं, आता काय काळजी."

धाकटीला ओरडायचं होतं, पण ती नुसतीच सलाइनची नळी सरळ करत राहिली. वहिनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

लिव्हर मोठ्या मनाची निघाली. काही दिवसांनी डोळ्यांतला पिवळेपणा गेला, भूक लागली, रिपोर्टातले आकडे उतरायला लागले. भेटायला येणाऱ्यांना दादा लगेच सांगायला लागला की जंतू होते म्हणून वाचलो. धाकटीनं सगळ्यांदेखत सांगितलं, उताऱ्याच्या औषधानं वाचलास. तो म्हणाला, तेही असेल. तिनं दात-ओठ खाल्ले.

माणसं गेल्यावर मात्र तो वेगळ्या आवाजात बोलला.

"गोळ्या बंद म्हणतेस. करतो. पण पाठीचं काय करू? सकाळी उठून उभंच राहता येत नाही गं. उभा राहिलो नाही तर गाड्या कोण रंगवणार?"

पाठीचं तो वर्षभर हसत हसत सांगत आला होता, आणि वहिनीनं, धाकटीनं, सगळ्यांनीच ते हसण्यावारी नेलं होतं. धाकटी खुर्ची ओढून बसली. कुठून दुखतं, कधी दुखतं, वाकताना की उठताना, असं एकेक विचारत गेली. दादा सांगत गेला, मध्येच विषय सोडून भलतीकडे वळला, तिनं त्याला ओढून परत आणलं. पाठीच्या डॉक्टरांची वेळ तिनं तिथूनच फोन करून घेतली.

पुढे गॅरेजात बसून रंगवता येईल अशी चाकांची बैठी चौकी आली. पाठ पूर्ण बरी झाली नाही, पण गोळ्या सुटल्या. कुठलंही पाकीट फोडण्याआधी दादा धाकटीला फोन करायला लागला. ती प्रयोगात गुंतलेली असतानाच नेमका करायचा, आणि ती वैतागून का होईना, पण उचलायची.