कानाआधी हात

मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या एका दवाखान्यातल्या ध्वनिबंद खोलीत जेमतेम एक खुर्ची मावत होती. दार लागलं तसा लेन हॉवर्थ बोटांनी मांडीवर ताल धरू लागला. त्याचा सगळा जन्म गोंगाटात गेलेला. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये पोलादाच्या कारखान्याला लागून घर, बिस्किटांच्या डब्यांवर चमचे बडवत सरलेलं लहानपण, मग ‘स्लेटयार्ड’ बँड आणि त्याच्याबरोबर अर्धं जग. शांततेची त्याला सवयच नव्हती.

आता एकोणीसशे त्र्याऐंशी साल चालू होतं आणि बँडचा अमेरिकेचा दौरा अर्ध्यावर आला होता. डेन्व्हरला गाणं संपल्यावरही लेन ड्रम वाजवतच राहिला. लोकांना ती गंमत वाटली, दौऱ्याच्या विमा कंपनीला वाटली नाही. कान तपासून घ्या, डॉक्टरांनी हो म्हटलं तरच हा ड्रमर स्टेजवर चढेल, असा निरोप आला होता.

“पास होऊन ये रे म्हाताऱ्या,” मॅनेजर रॉनीने त्याला आत ढकलताना म्हटलं होतं. “नाहीतर ड्रमवर मला बसावं लागेल आणि अख्खं मिनेसोटा माझ्यामागे दगड घेऊन धावेल.”

काचेपलीकडे यंत्रापाशी कानांची डॉक्टर संध्या केतकर बसली होती. नागपूरहून शिकायला आलेली आणि इथेच राहिलेली. “आवाज कितीही बारीक असो, ऐकू आला की बटण दाबा,” ती म्हणाली. “अंदाजाने दाबू नका.”

हेडफोनमधून आधी जाड सूर आले. ऐकू आले. मग ते बारीक होत गेले आणि एका क्षणी नाहीसेच झाले.

पण तोवर लेनला एक गोष्ट कळली होती. बाईंचं काम फार नेटकं होतं. सूर, थांबा, सूर, तेवढाच थांबा. झोपाळ्याला एकसारखा झोका द्यावा तसं. सूर विरले तरी तो झोका त्याच्या अंगात चालूच राहिला. पुढची मात्रा आली आणि बोटाने आपणहून बटण दाबलं. लेन दचकला. मग मात्र तो ठरवून दाबू लागला. फार चांगलं दिसू नये म्हणून मधूनच एखादा सूर सोडूनही देत होता. हात चुकत नव्हता.

शेवटी संध्याने दार उघडलं.

“मिस्टर हॉवर्थ, तुमचे कान विशीतल्या पोराचे निघाले.”

लेनने श्वास सोडला.

“म्हणून मला शंका आली. शेवटी शेवटी मी सूर दिलेच नाहीत. तुम्ही तरीही बटण दाबत होतात. अगदी वेळेवर.”

लेनने हातातलं बटण मांडीवर ठेवून दिलं.

“चूक माझीही आहे,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना एकाच लयीत सूर देते. आजवर ती कोणी पकडली नव्हती. स्टेजवर कसं निभावता?”

“बॅरीचा पाय बघतो. तो बास गिटार वाजवतो ना, पायाने ताल धरतो. डेन्व्हरला स्टेजवर मध्येच धूर सोडला आणि पाय दिसेना. बाई, ड्रम गेले तर माझं उरतं काय?”

“काय उरलंय तेच तर मोजायचंय. जे असेल ते जपता येईल, पण खोट्यावर मी सही करणार नाही. पुन्हा तपासू, या वेळी लय मोडून. नको असेल तर दार उघडंच आहे.”

दुसऱ्या गावात दुसरा दवाखाना मिळाला असता. तिथल्या माणसाच्या हातालाही एखादी लय असतीच. लेनने दाराकडे पाहिलं. मग स्वतःच ते ओढून घेतलं आणि खुर्चीत बसला.

हाताची हालचालही दिसू नये म्हणून संध्याने काचेमागे स्वतःच्या हातापुढे पुठ्ठा उभा केला. आता ना झोका, ना मात्रा. कानात नुसती ती कायमची शिट्टी, आणि बटणावर बोट. सूर वाजतोय आणि आपल्याला ऐकू येत नाही, की वाजतच नाही? बोट दाबायला धावत होतं. त्याने ते आवरलं. खूप वेळाने, लांबच्या खोलीत झांज विरावी तसं काहीतरी आलं. त्याने दाबलं. पुढे काहीच आलं नाही. त्याने काहीच दाबलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा रॉनी डावीकडून उठून येत होता. त्याचे ओठ हलले. एरवी लेन अशा वेळी हसून मान डोलवायचा. आज तो पुरता वळला आणि उजवा कान त्याच्यापुढे धरला.

“इकडून बोल,” तो म्हणाला. “तिकडून मला ऐकू येत नाही.”