सात नंबरचा पेला

कानिओकाकाने मला समुद्रकाठच्या गाल्लिपोली शहरात कोर्सला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात प्रश्न आला, का?

आमचं गाव सेर्राफोस्का, डोंगरातलं. तिथल्या सहकारी तेलघाण्यावर मी एकोणीस वर्षं काम करत होते. शेतकरी ऑलिव्हची क्रेट घेऊन आले की फळ बघायचं, हुंगायचं, चांगलं या बाजूला, सडकं त्या बाजूला. माझ्या नाकाचा गावात लौकिक होता. "रोक्किनाच्या दारावरून कांदा खाऊन जाऊ नका, कुणाच्या घरी खाल्ला तेही सांगेल," असं लोक म्हणायचे. पण या नाकासाठी कुणी मला कधी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली नव्हती. आणि आता घाण्याचा अध्यक्षच म्हणत होता, पाच दिवस समुद्रकाठी राहा, तेल चाखायचं प्रमाणपत्र घेऊन ये, खर्च घाण्याचा. हा कानिओकाका माझा धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच मला हातांवर धरलं होतं.

"काका, यंदा फळच नव्हतं. माशीने सगळं सडवलं. चाखायचं काय?"

"पोरी, वाईट वर्षातच शिकून घ्यायचं असतं. चांगल्या वर्षात वेळ कुणाला असतो?"

उत्तर बिनतोड होतं. म्हणूनच ते मला खटकलं. काका गोड बोलायला लागला की आई नेहमी म्हणायची, "आता आपले खिसे चाचपा."

तरी मार्चमध्ये गेले. समुद्र मी आयुष्यात चारदा पाहिला होता, आणि त्यातलं एकदा दवाखान्याच्या खिडकीतून.

कोर्स जुन्या शहरात होता, तटबंदीला लागून असलेल्या एका वाड्यासारख्या इमारतीत. खिडक्या बंद ठेवायच्या, कारण खाली कोळी जाळी धूत. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, चाखण्याआधी तासभर कॉफी नाही, सिगारेट नाही. प्रत्येकाला आपापला कप्पा, मध्ये लाकडी पडदे. समोर निळ्या काचेचे पेले, म्हणजे तेलाचा रंग बघून मन फसू नये. पेला एका तळव्यावर धरायचा, दुसऱ्या तळव्याने झाकायचा, हाताच्या उबेने तेल जागं करायचं, हुंगायचं. मग घोट घेऊन दातांतून सुर्रकन हवा ओढायची. मध्ये सफरचंदाची फोड. शिकवणाऱ्या एर्सिलियाबाई बारीक, करड्या केसांच्या. त्या चपलांचा आवाज न करता आमच्या मागून फिरत, आणि आपल्या मागे त्या कधीपासून उभ्या आहेत ते कळत नसे.

माझ्या शेजारच्या कप्प्यात ओरोंत्सो होता, साठीचा, तिथल्याच मुलखातला. त्याची तीनशे झाडं रोगाने उभी वाळली होती.

"आता मी लोकांचं तेल चाखणार," तो म्हणाला. "विधुराने दुसऱ्यांच्या लग्नात जेवत फिरावं तसं. आणि तू गं, डोंगरवाली? तुला कुणी पाठवलं?"

"गावाने."

"गाव कधी कुणाला पाठवत नाही. माणूस पाठवतो. आणि पाठवणाऱ्याला काहीतरी हवं असतं."

तो हसत बोलला. पण मला रात्रभर ते पुरलं.

तिसऱ्या दिवशी दोषी तेलं ओळखायची होती. एक आंबूस, एक बुरशीचं, एक मातकट. मी भराभर लिहीत गेले. सात नंबरचा पेला उचलला आणि माझा हात थांबला.

वर जुन्या अक्रोडाचा वास. म्हणजे खवट. त्याच्या खाली बंद पोत्यात कोंडलेल्या फळाचा कोंदटपणा. एवढ्यावर मी कागद भरून पुढे गेले असते. पण अगदी तळाशी जळक्या रबराचा एक बारीक धागा होता. आमच्या घाण्यातल्या चार नंबरच्या टाकीचा रबरी वायसर दोन हिवाळ्यांपूर्वी चुकीचा बसवला होता. तो उन्हाने तापला की तेलाला असाच वास लागायचा. मी त्यावरून तीनदा तक्रार केली होती. स्वतःच्या घराची कडी अंधारात हाताला लागावी, तसा तो वास माझ्या नाकाला लागला.

"सापडलं?" मागून एर्सिलियाबाई म्हणाल्या. मी दचकले.

"खवट. कोंदट."

"आणखी?"

त्या माझ्या कागदाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हिला माहीत आहे का मी कुठली? हा पेला मुद्दाम माझ्यासाठी मांडलाय का? मी म्हणाले, "आणखी काही नाही." त्या पुढे गेल्या.

त्या दुपारी आम्हाला खडकात कोरलेला जुना घाणा बघायला नेलं. बाहेर आफ्रिकेकडचा दमट वारा सुटला होता, तटावर मीठ चिकटत होतं. बाकीचे जमिनीखाली उतरून फोटो काढत होते. मी आत गेले, पण मला दिसत होती ती आमची टाकी. तिच्यात यंदा काय असायला हवं होतं? काहीच नाही. रिकामी. आणि मग जानेवारी आठवला. तीनदा टँकर आला होता, बाहेरच्या नंबराचा. माझा भाऊ एजिदिओ घाण्याची गाडी चालवतो. तो म्हणाला होता, जुनं तेल साबणवाल्यांना विकलं. तेव्हा मी खिडकीत होते. येताना टँकरची चाकं दबलेली होती, जाताना नव्हती. मी ते पाहिलं होतं आणि खिडकी लावून घेतली होती.

संध्याकाळी दुकानं उघडल्यावर ओरोंत्सोने मला सोबत ओढलं. त्याला केशर-व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे घ्यायचे होते. चर्चच्या बाजूच्या गल्लीत प्रवाशांसाठी एक दुकान होतं. फळीवर आमच्या गावाचं घंटाघर उभं होतं, बाटलीच्या कागदावर. 'सेर्राफोस्काच्या डोंगरातलं, यंदाच्या हंगामातलं, नोव्हेंबरच्या तोडणीचं.'

गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे जमिनीवर अळ्या पडलेल्या होत्या. तोडणी झालीच नव्हती.

"हे तेल कधी आलं?" मी दुकानदाराला विचारलं.

"ताजं आहे हो. का?"

"यंदाचंच नक्की?"

"कागदावर लिहिलंय ना? तुम्ही तपासणीवाल्या का?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

बाटली घेऊन खोलीवर गेले. दार लावलं, दात घासायचा काचेचा पेला धुतला, कोरडा केला, तेल ओतलं, तळव्यात धरलं. अक्रोड. कोंदट पोतं. रबर. मी पलंगावर बसून राहिले. हात तेलकट झाले होते, आणि ते धुवायचं मला सुचलं नाही.

एजिदिओला फोन लावला.

"चार नंबरमध्ये काय भरलंय?"

"तेल."

"कुणाचं?"

मागे त्याच्या धाकटीच्या रडण्याचा आवाज येत होता.

"तू शिकायला गेलीयेस ना? मग शिक," तो म्हणाला. "आईच्या गोळ्या संपल्यात, तिकडे मिळाल्या तर आण." आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी अंतिम परीक्षा होती. सकाळचा वर्ग सुटला आणि मी जुन्या शहरातून बाहेर नेणाऱ्या पुलाकडे आले, तर कठड्याला टेकून कानिओकाका उभा. रविवारचा कोट, हातात मिठाईचा डबा. चार तास गाडी चालवून आला होता.

"माझ्या पोरीची परीक्षा, आणि मी घरी बसू?"

एजिदिओनेच सांगितलं, माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. सख्खा भाऊ, आणि फोन ठेवल्या ठेवल्या याला कळवलं.

काकाने मला बंदरावर जेवायला नेलं. स्वतः मासे मागवले, स्वतः काटे काढून माझ्या ताटात वाढले. लहानपणी जत्रेत वाढायचा तसे. मग हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी आपल्या भागाची स्वतःची चाखणाऱ्यांची समिती होणार आहे. मी तुझं नाव दिलंय. आपल्या तेलावर आपल्या माणसाची सही."

तर हे होतं.

"आणि सही काय बघून करायची, काका?"

"जे समोर येईल ते."

"जानेवारीत जे आलं ते?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपलीतलं संत्रं घेतलं आणि सावकाश सोलायला लागला.

"साठ घरं त्या घाण्यावर आहेत, रोक्किना. एक वर्ष बाटली बाजारात दिसली नाही तर लोक गाव विसरतात. तुझ्या भावाची तीन पोरं आहेत. गाडी तोच चालवत होता, माहितीये ना?" त्याने फोड पुढे केली. "खा. तुला आवडतं."

संत्र्याच्या सालीचा वास बोटांना लागला, की दोन तास नाक आंधळं. पहिल्याच दिवशी आम्हाला ते सांगितलं होतं. काकाचा जन्म घाण्यात गेलेला. हे त्याला माहीत नव्हतं? की माहीत होतं म्हणूनच? त्याला तर मी पास व्हायला हवी होते. पण मघाच्या प्रश्नानंतर अजूनही हवी होते का? मी त्याच्या डोळ्यांत शोधत राहिले. तिथे माया होती, खरीखुरी, आणि त्या मायेमागे काय होतं ते मला दिसेना. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

"परीक्षा झाल्यावर खाईन," म्हटलं.

"जशी तुझी मर्जी." त्याने ती फोड स्वतःच खाल्ली.

परीक्षेत तेलांचे पेले खवटपणाच्या चढत्या क्रमाने लावायचे होते. मी एकही चुकले नाही. निकाल लागल्यावर सगळे टाळ्या वाजवून बाहेर पडले. मी बाटली पिशवीत घालून थांबले. एर्सिलियाबाई पेले पुसत होत्या.

"बाई, सात नंबरचं तेल कुठलं होतं?"

"ते सांगता येत नाही."

मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण काढलं, एकदाच हुंगलं आणि खुर्चीवर बसल्या.

"तू सेर्राफोस्काची आहेस हे मला यादी नीट बघेपर्यंत माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. हे मला खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. "तक्रार लिहून देशील?"

"नाही दिलं तर?"

"तर तू प्रमाणपत्र घेऊन घरी जाशील. उत्तम नाक आहे तुझं."

ओरोंत्सो दारात घुटमळत होता. मी त्याला आत बोलावलं, कारण त्या बाईबरोबर एकटीने सही करायची मला भीती वाटत होती. टँकर, तारखा, दबलेली चाकं, टाकी, वायसर. दोन पानं झाली. भावाचं नाव लिहायच्या जागी मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी 'गाडीचा चालक' एवढंच लिहिलं.

"माझी झाडं रोगाने गेली," ओरोंत्सो बाहेर आल्यावर म्हणाला. "तू तुझं हाताने तोडलंस, डोंगरवाले." पण मला बसपर्यंत पोचवायला आला, माझी पिशवी उचलून.

एप्रिलमध्ये तपासणीवाले आले. चारही टाक्यांना सील लागलं, दंड झाला, कानिओकाकाला अध्यक्षपद सोडावं लागलं. गावात मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं, एवढंच. एजिदिओशी मी अकरा आठवडे बोलले नाही. मग आईने मला तपासणीचा कागद आणून दाखवला, त्याच्या कपाटातून चोरून. त्यात दुकानदाराचा जबाब होता: डोंगराकडची एक बाई चौकशी करून गेली, म्हणून त्याने बाटलीवरच्या नंबरावर अध्यक्षाला कळवलं. आणि खाली एजिदिओचा. टँकर कुठून आला, किती वेळा, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं त्याने स्वतःहून सांगितलं होतं.

मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात गाडीखाली आडवा होता.

"काकाला तू फोन केला नव्हतास," मी म्हटलं.

"नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"घाबरलो होतो." तो गाडीखालून बाहेर आला नाही. "पण चुगली? चाळीस वर्षं ओळखतेस मला, ताई. तुझं नाक एवढं चांगलं, आणि भाऊ नाही ओळखता आला?"

मी तिथेच दगडावर बसले. थोड्या वेळाने त्याने हात बाहेर काढून पाना मागितला, तो मी दिला.

त्या शरदात फळ भरघोस आलं. घाण्याला नवीन अध्यक्ष मिळाला, टाक्या घासून निघाल्या, सगळे वायसर बदलले. निम्म्या शेतकऱ्यांनी क्रेट शेजारच्या गावी नेली, निम्मे आले. शेवटच्या आठवड्यात रांगेत कानिओकाका दिसला. स्वतः क्रेट उतरवत होता, धापा टाकत. त्याचा नंबर आला. मी मूठभर फळ घेतलं, चुरगळलं, हुंगलं. हिरवं, ताजं, टोमॅटोच्या पानासारखं. तरी दुसऱ्या क्रेटमधून घेतलं, मग तिसऱ्यातून, अगदी तळात हात घालून. तो बघत होता.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"माहितीये मला," तो म्हणाला, आणि रिकामी क्रेट गोळा करायला वाकला.